कामाची दावण

आधी त्या आक्कांचं सांगते, मग माझं.

माकणीच्या अलीकडं एक गाव आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात त्या आया होत्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि ओट्यावर लिंबाची सावली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, नर्सबाई गावोगाव फिरतीवर असायच्या, म्हणून बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे आक्काच. झाडलोट त्यांची, पाणी त्यांचं, इंजेक्शनच्या सुया उकळायच्या त्याही त्यांनीच. आज माझं घर जागच्या जागी आहे, माझी वेणी रोज सकाळी घातली जाते, मी दोन वेळा ताट घेऊन बसून जेवते, हे सगळं त्यांनी लावून दिलेलं आहे. तोंडानं मी त्यांना हे कधी म्हटलं नाही. म्हणून इथं पहिल्यांदा लिहिलं.

आता मी सुरतेकडं राहते. इथं नळाला पाणी येतं, सकाळीही आणि संध्याकाळीही. नळाचा आवाज सुरू झाला की अजून माझ्या छातीत धस्स होतं. कुठंतरी काहीतरी वाया चाललंय असं वाटतं. मग मी डोळे मिटते आणि मला ते आठ कॅन दिसतात. लाकडी घडवंचीवर ओळीनं उपडे घातलेले, दिवस उगवायच्या उजेडात पांढरे. तळ्याकाठी बगळे मान पंखात घालून बसावेत तसे. ते दिसले की जीव जागेवर येतो.

माझं माहेर परंडा तालुक्यात, सोनारीच्या बाजूला. शाळा सहावीत सुटली. बहात्तरचा दुष्काळ होता. आई-वडील खडी फोडायला जायचे, आणि धाकट्या दोघांना सांभाळायला, पाण्याच्या रांगेत घागर धरायला घरात मीच होते. शाळा बंद कर असं मला कुणी म्हटलं नाही. एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशी गेले नाही, मग पाटी चुलीमागं गेली आणि धुरानं काळी झाली ती काळीच राहिली.

त्या वर्षी आईनं आम्हाला एक नियम लावला. पाणी चार हात फिरल्याशिवाय भुईवर सांडायचं नाही. डाळ धुतलेलं पाणी भांड्यांना. आंघोळ घमेल्यात बसून, घमेल्यातलं पाणी कपड्यांना, कपड्यांचं सारवणाला. दिवस मावळायच्या टेकाला आई विचारायची, "चार हात झाले का?" आम्ही म्हणायचो, "झाले." मगच ते जमिनीत मुरायचं. दुष्काळ सरला, पुढं पाऊस झाले, जोंधळा आला, पण तो नियम माझ्या हातात तसाच राहिला. मला वाटायचं जगात सगळीकडं पाणी असंच वापरतात.

लग्नानंतर आम्ही धरणाच्या मातीकामावर होतो. माकणीच्या धरणाचं काम तेव्हा चालू होतं. ताडपत्रीखाली संसार. वारा सुटला की भाकरीत माती, पांघरुणात माती, झोपेतसुद्धा दाताखाली कचकच. दीड वर्षानं ह्यांना त्या गावच्या दूध संस्थेच्या टेम्पोवर काम लागलं, कॅन चढवायचं आणि उतरवायचं. संस्थेच्या मागं एक खोली रिकामी होती. सेक्रेटरी म्हणाले, खोलीत राहा, मात्र कॅन धुवायचं काम बाईनं करायचं. आम्ही लगेच हो म्हटलं. त्या खोलीला दार होतं आणि दाराला कडी होती. कडी लागणारं दार माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. पहिल्या दिवशी मी ती कडी उगाच लावली, काढली, परत लावली. आत बसून ऐकलं तर धरणाच्या गाड्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा यायचा. मला वाटलं, आता इथून हलायचं नाही.

काम सोपं होतं. सकाळी गावातलं दूध संस्थेत यायचं, मोजून कॅनात पडायचं, टेम्पो ते तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर न्यायचा. तिथं प्रत्येक कॅनातलं थोडं दूध काचेच्या नळीत उकळून बघायचे. फुटलं तर तो कॅन तसाच्या तसा परत. नाही फुटलं तर दूध उतरवून रिकामे कॅन दुपारी परत यायचे, आणि मी ते सोड्याच्या गरम पाण्यानं घासून, विसळून दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे.

टेम्पो ओढ्याच्या वळणावर आला की मला खोलीतून कळायचं. रिकामे कॅन वाजतात. एकमेकांवर आपटत, खणखणत यायचे, लग्नाच्या वरातीसारखे. भरलेला कॅन वाजत नाही.

आम्ही माघात आलो होतो. थंडी होती तोवर सगळं बरं चाललं. चैत्राचं ऊन पडायला लागलं आणि एक दिवस टेम्पो वळणावर आला तो दबका, जड. मी दारात येऊन उभी राहिले. आठातले पाच कॅन भरलेले परत आले होते. झाकणं काढली तर आंबट वास. गावातली चार-सहा माणसं जमली. ज्यांचं दूध होतं ती. कुणी शिवी दिली नाही, ते जास्त जड गेलं. सगळं दूध ओढ्यात ओतलं. वाळूवर पांढरा ओघळ कितीतरी लांब गेला, जसा काही ओढा आला.

सेक्रेटरी माझ्याकडं न बघता बोलले. "बाई, हे गावाचं दूध हाय. एक डाव झालं, झालं. पुन्हा आलं तर खोली मोकळी करा. मला दुसरं माणूस बघावं लागंल."

मी खूप घासलं होतं. हाताची सालं निघाली होती सोड्यानं. माझं काय चुकलं ते मला कळेना, आणि चूक कळली नाही की माणूस सगळंच चूक आहे असं धरून चालतो. मी सकाळी दूध यायच्या आधी कॅन धुवायला लागले, दुपारी धुवायला लागले, दिवेलागणीला परत. चुलीवर भात टाकून मध्येच कॅन बघायला जायचे, तोवर भात लागायचा. कडी लावून ओढ्यापर्यंत गेले की वाटायचं लावलीच नाही, परत यायचे, बघायचे, लावलेली असायची. तीनतीनदा. डोक्याला फणी नाही, पोटात वेळेवर घास नाही. खोलीत राख, खरकटं, ओली चिरगुटं. ताडपत्रीखाली मी यापेक्षा नेटकी होते.

आक्का हे सगळं समोरच्या दवाखान्याच्या ओट्यावरून बघत होत्या. आमची ओळख तेवढीच, येता-जाता. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली होती, "ये गं, दमलीस, पाणी पी." मी म्हटलं, "तहान नाही." घसा कोरडा पडला होता. आक्का बौद्ध, मी कुणब्याच्या घरची. कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही हे आमच्याकडं कुणी तोंडानं शिकवत नसे, मोठ्यांचं बघूनच अंगात यायचं. आक्का "बरं" म्हणाल्या आणि तांब्या आत घेऊन गेल्या. त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं की त्यांना कळलं.

दूध परत आल्याला पाच-सहा दिवस झाले असतील. मी कॅन धुवत होते. आक्का येऊन उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचलेला.

"काय करायलीस गं?"

"कॅन धुतेय."

"ते दिसतंय. सकाळपासनं तिसऱ्यांदा दिसतंय. ते बादलीतलं पाणी कुठं घालायलीस?"

"ह्या कॅनात."

"मग?"

"मग त्याच्या पुढच्या."

"मग?"

"त्याच्या पुढच्या. आठ झाले की सारवायला घेते."

आक्का खाली बसल्या. बादलीत बघितलं. पाणी दुधट झालेलं होतं, ताकाची निवळी असते तसं. "पोरी," त्या म्हणाल्या, "तू कॅन धूत न्हाईस. पहिल्या कॅनातली घाण आठव्याला पोचवायलीस. टपाल खात्यात हायेस का काय?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "पाणी वाया जाईल ना, आक्का. आमची आई म्हणायची, चार हात फिरल्याशिवाय..."

"आईचं खोटं न्हाय. तुझ्या आईनं घर जगवलंय त्याच्यावर. घासायचं पाणी फिरव की, कोण नको म्हणतंय. शेवटचं पाणी मात्र कोरं पायजे. एका कॅनाला लागलं की सपलं. एकाची सुई धुतलेलं पाणी म्या दुसऱ्याच्या सुईला घेते का?" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लिंबाच्या बुडाला वत जा. तेवढंच तुझ्या जिवाला बरं वाटंल."

त्या दिवशी मी आठ वेळा जवळजवळ स्वच्छ दिसणारं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं. आई मागं उभी राहून बघतेय असं वाटत होतं. पाणी भुईत जाताना जो आवाज होतो, घोट घेतल्यासारखा, तो मला आठही वेळा ऐकू आला.

कॅन उपडे घातले तसं मी परत एक उचलून आत बघायला लागले. आक्कांनी माझं मनगट धरलं.

"उपडा घातला ना? मग झाला. उपडं भांडं म्हणजे सपलेलं काम. त्याला परत सुलटं करून बघायचं न्हाय. दवाखान्यात म्या तसंच करते, न्हायतर दिसभर सुयाच मोजत बसले असते." मग माझ्या केसांकडं बघून म्हणाल्या, "आन् डोक्याचं काय घरटं केलंस? कवा विंचरलंवतं?"

"काम लई आहे, आक्का."

"काम लई न्हाय. काम मोकळं सुटलंय. चार गुरं मोकळी सोडली तर गावभर हिंडत्यात आन् चाळीस वाटत्यात. दावणीला बांध."

"कशी बांधू?"

"आधी एकच खुंटा ठोक. उद्या उठल्याबरोबर येणी. कॅनाला हात लावायच्या आधी. घातली की वट्यावर येऊन मला दाखव. बाकी काय करू नको."

"रोज दाखवू?"

"रोज. म्या तुझी सासू न्हाय, पर बघणार."

मला ते खुळ्यासारखं वाटलं. दूध नासतंय, खोली जातेय, आणि आक्का वेणीचं सांगतायत. पण दुसरं कुणी काही सांगत नव्हतं. सकाळी उठले, गाठी सोडवता सोडवता डोळ्यांत पाणी आलं, वेणी घातली आणि ओट्यापुढं जाऊन पाठमोरी उभी राहिले. आक्का चहा पीत होत्या. "जा," एवढंच म्हणाल्या.

आठवडाभर तेवढंच. मग एक दिवस म्हणाल्या, "येणीच्या शेपटाला आता घास बांध. अर्धी भाकरी, बसून. उभ्यानं न्हाय." पुढच्या आठवड्यात घासाच्या मागं झाडलोट. मग चिरगुटं दोरीवर. मग दुपारी आलेले कॅन. एकाला हात घातला की पुढचं आपसूक उठून यायचं, दावणीतली गुरं एकामागं एक पाण्याला निघतात तशी. मला आता विचार करावा लागत नव्हता. सकाळचे ते दोन तास मला आठवतात ते झोपेतल्यासारखे, पण गोड झोपेतले. हात चालतायत, मी कुठंतरी लांब सोनारीच्या वाटेवर आहे, आणि भानावर येते तेव्हा खोली झाडलेली, दोरीवर चिरगुटं, उन्हाची पट्टी उंबऱ्यावर.

कडीचं दुखणं मात्र जाईना. आक्कांनी त्यावर पुष्कळ टोमणे मारले. "सोनारीकडची ना तू? तुमच्याकडं देवळात माकडं लई. मूठ आवळली की सोडायची न्हाय, फुटाणा असो नसो." शेवटी त्यांनीच सांगितलं, कडी लावली की उंबऱ्यापाशी एक पेला उपडा ठेव. ओढ्यावरून मागं वळून बघ. पेला उपडा दिसला की कडी लागलेली. मी तसं करायला लागले. आधी वळून बघायचे. मग नुसता पेला आठवायचे. मग तेही सुटलं.

वैशाख आला. हापसा आधी खाकरायला लागला, मग नुसताच वर-खाली व्हायला लागला. आडात चिखल. लोक लांबच्या मळ्यातून घागर घागर आणत होते. मी पहाटे जाऊन दोन खेपा आणायचे, त्यात कॅनांचं भागवायचे.

एक दिवस मळ्यातल्या विहिरीची मोटार बंद पडली. दुपारी आठ कॅन वाजत आले आणि माझ्याकडं एक बादली पाणी होतं. त्यात सोड्याचं घासणं उरकलं. विसळायला कोरं पाणी नाही. हे टेम्पो लावायला गेलेले. मी त्या गढूळ बादलीकडं बघत बसले. ऊन एवढं होतं की समोरचा दवाखाना पाण्यात पडल्यासारखा हलत होता. मनात म्हटलं, एक दिवस. एकच दिवस चार हात फिरवू. कुणाला कळणार आहे? आणि लगेच दिसलं, वाळूवरचा पांढरा ओघळ, खोलीचं उघडं दार, बाहेर काढलेली आमची वळकटी. तरीही बादलीला हात घातला. दुसरं काय करणार होते?

तेवढ्यात त्या हलत्या उन्हातून आक्का आल्या. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर.

"थांब," म्हणाल्या. "ते वतू नको."

"आक्का, हे कुठलं पाणी?"

"माझ्या रांजणातलं. दुसरं कुठलं."

"मग तुम्हाला?"

"दवाखान्यात उकळलेलं अर्धं पातेलं हाय. माणूस एक दिस कमी पाण्यावर ऱ्हातंय. दूध ऱ्हात न्हाय." घागर उतरवून त्या टेकल्या, आणि पदरानं मान पुसत म्हणाल्या, "माझं पाणी तुझ्या कॅनाला चालंल का, त्याला इचारून घे आधी. तुला तर तहान नव्हती."

मी गढूळ बादली बाजूला सरकवली.

"अगं, गावातलं समदं दूध एकाच कॅनात पडतंय. माझ्या जावंच्या म्हशीचं बी. तिथं कोण इचारत न्हाय. हापसा आटल्यावरबी कोण इचारत न्हाय." हे त्या रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "आक्का, मला आधी प्यायला द्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उठून माझ्याच खोलीतला तांब्या आणायला निघाल्या. मी म्हटलं, "तुमचा आणा." त्या ओट्यापर्यंत उन्हातून परत गेल्या, त्यांचा तांब्या घेऊन आल्या, भरून माझ्या हातात दिला. मी तोंड लावून प्यायले. रांजणाच्या मातीचा वास होता त्याला. माझ्या माहेरच्या रांजणाचा होता तसाच.

मग आम्ही दोघींनी मिळून कॅन विसळले. प्रत्येकाला थोडंच पाणी, पण कोरं. लिंबाला आठ वेळा. आठवा उपडा घातला तेव्हा घागरीच्या तळाशी चूळ भरण्याइतकं उरलं होतं, ते आक्कांनी आपल्या डोळ्यांना लावलं.

दुसऱ्या दिवशी दूध गेलं. मी वेणी घातली, घास खाल्ला, झाडलं, चिरगुटं दोरीवर टाकली, आणि मग करायला काही उरलं नाही. दुपार कलायला लागली. ओट्यावर आक्का, दारात मी. वळणावर धूळ दिसली, पण धूळ भरल्या टेम्पोचीही तशीच उठते. मी कान दिला. आधी फक्त इंजिन. मग लांबून एक खण्ण. मग दुसरा. मग सगळी वरातच.

हे खाली उतरले, माझं तोंड बघून म्हणाले, "अगं, रडतीस कशाला? आठच्या आठ रिकामे आणलेत की."

ओट्यावरून आक्का म्हणाल्या, "रडू दे तिला. तेवढंच पाणी गावात हाय."

त्या खोलीत आम्ही पुढं चार वर्षं राहिलो. माझी मोठी मुलगी तिथंच झाली, आक्कांच्या हातात. नंतर ह्यांना गुजरातेतल्या एका डेअरीत काम लागलं आणि आम्ही इकडं आलो, ते आलोच. निघायच्या दिवशी खोली झाडून, कडी लावून मी उंबऱ्याशी पेला उपडा ठेवला. आक्का म्हणाल्या, "हे आता कुणाला बघायचंय?" मी म्हटलं, "तुम्हाला."

अजून मला भीती वाटते, नाही असं नाही. लेकीला यायला उशीर झाला, गॅसचा वास आला, ह्यांना खोकला लागला की जीव उडतो. अशा वेळी मी दावणीकडं जाते. वेणी, घास, झाडलोट. शेवटचं भांडं उपडं घातलं की हात पुसते.

मागच्या वर्षी तिकडचं एक माणूस भेटलं. म्हणालं, आक्का आहेत, दवाखान्यातून निवृत्त झाल्या, गुडघे गेलेत, पाणी शेजारची पोर आणून देते, रांजण मात्र तोच आहे. ऐकलं तेव्हापासून मला एकच दिसतं.

आक्का, मी येईन. उन्हाळ्यातच येईन. तुमचा रांजण रिकामा करीन, आतून घासून, शेवटचं पाणी कोरं घेऊन विसळीन, उन्हात उपडा घालीन. वाळला की डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा घागरी आणून काठोकाठ भरीन, आणि पहिला तांब्या तुमच्या हातात देईन. पण त्याआधी, गाडीतून उतरल्याबरोबर, तुमच्या ओट्यापुढं पाठमोरी उभी राहीन. वेणी घातलेली असेल.